ताईच्या फुलांपुढचा पंखा

‘चौकशीमास्तर’ हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी पाडलेलं. थंडखोल्यांतल्या गारवा देणाऱ्या कॉइलवर पंखे बसवणं हा त्याचा धंदा, आणि पंखा निवडण्यापूर्वी तो इतक्या चौकशा करी, की तेवढ्या सोयरीक जुळवतानाही कोणी करत नसेल. मासळी ठेवणार की लोणी? उघडं की खोक्यात? दार कोण उघडणार, आणि तो माणूस ते लावायला विसरणाऱ्यांपैकी आहे का? एक खाटीक तर वैतागून म्हणाला होता, "मास्तर, बकऱ्याच्या आजोळचा पत्ता पण देऊ का?" पण मास्तरचा पंखा एकदा बसला, की गिऱ्हाईक त्याला विसरूनच जाई.

तक्रार आली ती सख्ख्या बहिणीकडून, आणि तीही चाचरत. "कॉइलवर बर्फ धरलाय रे. सवडीने ये."

मेव्हणे गेल्यावर ताईने फुलांचं दुकान टाकलं, तेव्हा मागची थंडखोली यानेच उभी करून दिली होती. बहिणीला काही कमी पडू नये म्हणून कॉइल दुप्पट मोठी, आणि पंखा असा दांडगा, की आत शिरणाऱ्याची टोपी बाहेर जावी.

सवड कसली, तो लगेच हजर. शिडीवर चढून पाहतो तर कॉइल बर्फाने लिंपलेली आणि पंखा गप्प. मोटर पाहिली, ठणठणीत. वायर पाहिली, शाबूत. मग स्विच पाहिला. बंद, आणि वर चिकटपट्टी.

"ताई, पंखा कोणी बंद केला?"

"वीज गेली असेल."

"जाताना चिकटपट्टी लावून गेली?"

ताई एका बादलीवरची चादर नीट करू लागली. बादल्यांतली फुलं ओल्या चादरी पांघरून उभी होती.

"आणि यांना काय ताप भरलाय?"

ताईला हसू फुटलं, आणि त्यातच डोळे भरून आले. "तुझ्या वाऱ्यात फुलं टिकत नाहीत रे. संध्याकाळी ठेवलेल्या गुलाबाचा सकाळी कागद होतो. पंखा बंद ठेवावा तर बर्फ धरतो. शेजारचा वाणी दुकान मागतोय. परवा उत्तर द्यायचंय. म्हटलं, देऊन टाकावं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"किती हौसेने बसवलास! पंखा फिरला तेव्हा तुझं तोंड पाहिलं होतं मी. कुठल्या तोंडाने सांगू?"

मास्तर शिडीवरच टेकला. कॉइलवरून वारा कमी गेला तर बर्फ धरतो आणि समोरून जोरात आला तर पाकळीतलं पाणी ओढून नेतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता. दुनियेला हैराण करणाऱ्या या गृहस्थाने बहिणीला मात्र एक प्रश्न विचारला नव्हता. माया इतकी उतू गेली, की विचारायचंच राहिलं.

"ताई, आत ठेवणार काय काय?"

"आता विचारतोस, गाढवा?"

"आता विचारतोय."

मग ताई सांगत बसली. गुलाब सोशिक, पण वारा लागला की मान टाकतात. लिली भारी नखरेल. झेंडूला काहीही चालतं, तो घरच्यासारखा. मास्तर मध्येमध्ये विचारत होता आणि ताईचा आवाज हळूहळू दुकानदारणीचा होत होता.

दुसऱ्या दिवशी दांडगा पंखा उतरला. त्याच्या जागी दोन लहान, सावकाश फिरणारे पंखे आले. वारा साऱ्या कॉइलवरून सारखा जाईल आणि फुलांवर न येता छताच्या कडेने पसरेल, असे त्याने ते बसवले. मायेपोटी मोठी घेतलेली कॉइल तेवढी कामाला आली; ती मोठी म्हणून मंद वाराही पुरला.

त्याच्या पुढच्या सकाळी ताईने चादरी काढल्या. गुलाबाची पाकळी चिमटीत धरून पाहिली. मऊ, गार, दबली तरी न मोडणारी. ती दुसऱ्या बादलीकडे गेली, मग तिसऱ्या.

तेवढ्यात वाणी दारात आला. "मग ताई, काय ठरलं?"

"नाही देत."

"अहो, परवा तर तुम्हीच बहुतेक देईन म्हणालात…"

"परवा फुलं टिकत नव्हती."

मास्तर पाठ फिरवून हत्यारं पिशवीत भरत होता. एकच पाना तो आत ठेवत होता, बाहेर काढत होता, आणि पुन्हा आत ठेवत होता.