सद्रावरचा ढोल

दुऐजला अख्खा रुमैथिया मोहल्ला ‘बिनढोल्या’ म्हणे. हे नाव ठेवलं बर्राकनं. दर गुरुवारी दुऐजच्या दिवानियात, म्हणजे घरच्या बैठकीच्या खोलीत, मंडळी जमत, समुद्रातून मोती काढणाऱ्या खलाशांची जुनी गाणी लावत. बर्राक सगळ्यांत थोरला, म्हणून तो सद्रावर, म्हणजे दारासमोरच्या भिंतीच्या बरोबर मधल्या, मानाच्या गादीवर. तिथून एकदा तो दुऐजला, म्हणजे फहदच्या बापाला, म्हणाला, “बू फहद, गातायत झकास, पण ढोल घरी विसरून आलेत काय?”

बाकीच्यांच्या बरगड्यांत ढोल घुमत होता. पण सद्रावरच्याला ऐकू आला नाही, म्हणजे नाहीच. सगळे हसले. पुढे फहदच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा त्याच नावानं हाक मारली, तेव्हा दुऐजनं ठरवलं, आता बस्स.

एका दुपारी गाणं चालू ठेवून तो भिंतीकडेनं चक्क रांगत फिरला. ढोलाचा घुमारा काढणारा वूफर स्पीकर एकच, एका कोपऱ्यात. तिथं नुसता गडगडाट. सद्रावर कान नेला तर चिडीचूप. भिंतीवरून परतलेला घुमारा मधोमध येऊन मूळ घुमाऱ्यालाच गिळत होता. त्यानं आणखी तीन वूफर आणले, चार कोपऱ्यांत चार. ढोल सगळीकडे सारखा झाला.

गुरुवारी बर्राकनं मांडी थोपटली. “याला म्हणतात ढोल, बू फहद!”

सगळ्यांदेखत म्हणाला. दुऐजला एवढंच हवं होतं.

त्यानंतर बर्राक गादीवर टेकला, की दुऐज गुपचूप तीन वूफर बंद करी.

“ढोल गेला का रे?” बर्राकनं विचारलं.

“वाजतोय की, बू राशिद!” दाराजवळून म्हातारा सलमीन बर्राकला ओरडून म्हणाला. “माझा चहा बघा कसा थरथरतोय.”

“कान दाखवून घ्या एकदा,” दुऐज अगदी मायेनं म्हणाला. “वय झालं आता.”

गादी सोडावी तर मान जातो, न सोडावी तर बहिरा ठरतो. बर्राक दर गुरुवारी दात आवळून बसे, आणि दुऐज स्वतः त्याला चहा ओतून देई, तोंड जवळून बघायला मिळावं म्हणून.

शेवटी एका गुरुवारी बर्राक आला आणि सद्राकडे न बघता दाराशी, चपलांजवळ, सलमीनला खेटून बसला.

“येतोय ऐकू?” दुऐजनं विचारलं.

“येतोय,” बर्राक मान खाली घालून म्हणाला.

दुऐजनं आधीच बंद करून ठेवलेले तीन वूफर चालू केले. रिकाम्या सद्रावरची उशी ढोलाबरोबर थरथरू लागली. बर्राकनं ती पाहिली, मग दुऐजकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

“कुठंही बसा, बू राशिद,” दुऐज म्हणाला. “या खोलीत आता सगळ्या जागा सारख्या.”