टूच्या मागचा ‘नाही’

आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर दहावीच्या फळ्यावर दरवर्षी एकच वाक्य लिहायचे. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक.’ मग खडू खाली ठेवून चष्म्यावरून वर्गाकडे बघायचे आणि आवाज खाली आणायचे.

“यात ‘नॉट’ कुठे दिसतो का? नाही ना? तरी चहा कोणी प्यायला नाही. टू आला की मागून ‘नाही’ येतोच. दिसत नाही, पण येतो.”

पोरं हसायची. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायची आणि मधली भिंत नावापुरतीच होती. मला मात्र दरवेळी उगाचच दाराकडे बघावंसं वाटायचं.

एकदा एका मुलीने कौतुकाने सांगितलं, “सर, आजचा शर्ट टू गुड!” सरांनी गंभीर चेहऱ्याने बटणं चाचपली. “म्हणजे मला शोभत नाही? काढून ठेवू?” वर्गाचं हसून झाल्यावर म्हणाले, “व्हेरी म्हणजे पुष्कळ. टू म्हणजे नको तितकं. पुष्कळ मिळालं की माणूस खूश असतो, म्हणून पुढची हद्द त्याला दिसत नाही.”

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील, शाळा सुटली तरी ज्यांचा विषय सुटत नाही. स्टाफरूममध्ये कोणाच्या डब्यातली भाजी तिखट निघाली की हे विचारणार, “व्हेरी की टू?” आम्ही कंटाळायचो आणि ते रजेवर असले की चुकल्यासारखंही व्हायचं.

सर निर्मळ गावचे. स्कूटरला पुढे केळीचा घड अडकवून शाळेत येत. घरामागे केळी आणि सोनचाफ्याची वाडी, वाडीत वडिलांच्या हातची विहीर. समुद्र फार लांब नसल्यामुळे त्या भागात विहीर जपून वापरावी लागते. जास्त उपसली की खालून खारं पाणी सरकतं. सरांच्या विहिरीच्या आत एक दगड पुढे आलेला होता. तो उघडा पडला की पंप बंद, हा वडिलांचा नियम. आणि सकाळी चहाच्या आधी, कोऱ्या तोंडाने, ओंजळभर पाणी चाखायचं. गोड लागलं तरच पंप सुरू करायचा.

मी तेव्हा जवळच्याच उमेळे गावात नव्या इमारतीत राहायला आले होते. बिल्डरने नळ छान लावले होते, त्यांत पाणी सोडायचं तेवढं राहिलं होतं. सगळी इमारत टँकरवर जगायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटचा तो उन्हाळा, टँकर चार-चार दिवस फिरकत नव्हता, आणि माझी मुलगी कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेली. एका मधल्या सुट्टीत मी सरांसमोर अक्षरशः रडले.

“सर, फक्त या उन्हाळ्यापुरतं. तुमच्या विहिरीतून.”

“बाई, वडिलांनी टँकरला कधी फाटक उघडलं नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या टेबलाशी येऊन थांबले. “पाठवा. दिवसाला एकच. दगड दिसेपर्यंत.”

एक कुठला राहतोय! आमच्या शेजारच्या विंगेतले लोक गेले, मग शाळेतल्या कारकुनांच्या इमारतीतले. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी आजारी होतंच. ज्या माणसाला प्रत्येक टूमागचा ‘नाही’ दिसायचा, त्याला तो ओळखीच्या माणसाच्या तोंडावर म्हणता येत नसे. एकाचे तीन टँकर झाले. दगड दुपारच्या ऐवजी सकाळीच दिसायला लागला, आणि पंप चालूच राहिला.

मे महिन्यात एका रविवारी मी आभार मानायला निर्मळला गेले. टँकरचा जाड पाइप विहिरीत सोडलेला होता आणि पंपाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. सरांच्या पत्नी ओसरीवर आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आठ दिस झाले, डाळ शिजत नाय. पानी बदललंय, यांना सांगून थकली मी.”

“मला ताप येऊन गेलाय बाई, जिभेला चव नाही,” सर म्हणाले. “हिला सगळ्यातच खोट दिसते. तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्ही सांगा.” त्यांनी कळशीतून पाणी ओतून पेला माझ्या हातात दिला.

मी घोट घेतला. तो खारट होता. पुष्कळ नाही, पण जीभ थबकेल इतका नक्की.

पेला हातात धरून मी केळीकडे पाहिलं. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या होत्या, विस्तव फिरवल्यासारख्या. फाटकाबाहेर दुसरा टँकर हॉर्न देत होता. तो आमचा होता. घरी पिंपात तळाला चार तांबे पाणी उरलं होतं.

“गोड आहे, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि हात वर करून टँकरला आत बोलावलं. त्यांच्या पत्नी घरात निघून गेल्या.

आणखी तीन आठवडे उपसा चालला. जूनच्या आधी पाणी जनावरंही तोंड लावेनात इतकं खारं झालं. पावसाळ्यात थोडं निवळलं, पण दिवाळीनंतर पुन्हा तेच. केळी गेली, मग चाफा. दुसऱ्या वर्षी सरांनी वाडी विकून मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं.

टेम्पो भरत होता तेव्हा मी गेले. वर्षभर घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. “सर, ते पाणी खारट होतं. मला कळलं होतं.”

ते दोरीची गाठ बांधत होते. “गिळायच्या आधी तुम्ही थांबलात, बाई. मी पाहिलं होतं.”

“मग बंद का नाही केलंत?”

“तुम्ही गोड म्हणालात,” ते म्हणाले. “मलाही तेच ऐकायचं होतं.”

मला हलकं वाटलं. कबूल करते, त्या क्षणी मनावरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याची आजही लाज वाटते. कारण माझ्या मागे, दारात, त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हातातला देव्हारा टेम्पोत ठेवला, माझ्यापासून अंग चोरून पुढे गेल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसून काच वर केली.