विजेला ओळखणाऱ्या बाई

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळे जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी मोजून मी नोंदी हातात मावणाऱ्या एका यंत्रात साठवत असे. एकदा यूएसबीची केबल लावताना बारीक ठिणगी उडाली आणि यंत्र लॅपटॉपशी बोलेनासं झालं. तीन महिन्यांच्या नोंदी आत अडकल्या.

जळगावला दुरुस्तीसाठी निघालो, तर वाटेत पारोळ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, खिडकीचा लोखंडी गज धरला आणि मगच यंत्राला हात लावला. प्रत्येक वेळी आधी गज, मग यंत्र. मी कारण विचारलं.

"भाऊ, वीज यंत्रमा नई, तुमना आंगमा शे."

कोरडी हवा, टेरिकॉटचा शर्ट, जीपची रेक्झिनची सीट. मला उमगलं: घासून अंगात साठलेली वीज ठिणगी होऊन यंत्रात उतरली होती, आणि गज धरला की ती आधीच निघून जाई.

डेटाच्या तारेवरचा तिळाएवढा संरक्षक भाग स्वतः जळला होता, म्हणून आतलं सगळं वाचलं होतं. बाईंनी भिंगातून पाहत तो बदलला. शिवाय केबलमध्ये चिमुकलं बटण घातलं. आधी केबल पक्की लावायची, मग बटण दाबून डेटाच्या तारा जोडायच्या, म्हणजे ठिणगी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

आकडे पडद्यावर झरझर उतरले. मी थक्क होऊन बाईंकडे पाहत राहिलो. त्या मात्र पडद्याकडे पाहत होत्या.

"शिंदखेडाकडे मन्हं माहेर शे. तठलं पानी कितलं खाल गयं?"

गावाचं नाव विचारून मी तिथलं पाणी किती खाली गेलं होतं तो आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा पुटपुटला आणि पदराने डोळे टिपले. तीन महिने मी तो आकडा नुसता नोंदवत होतो.