चिंचेपासून डावीकडे

माझं तोंड मला आवरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. महाप्याच्या ऑफिसात ते एका मीटिंगमध्ये कळलं. आमची कंपनी पर्यटकांसाठी ॲप बनवते. फोन खिशात, इअरफोन कानात, आणि कानातला आवाज तुम्हाला एखाद्या वस्तीतून पायी फिरवून आणतो. गाइड नको, घोळका नको. दोन-तीन शहरांच्या जुन्या पेठा करून झाल्या होत्या. आता नवी मुंबईचं काय, असा विषय निघाला, तर साहेब म्हणाले, तिथे बघण्यासारखं आहे काय, सेक्टर आणि मॉल. माझं डोकंच फिरलं. मी घणसोली गावातली. हे शहर कागदावरही नव्हतं तेव्हा आम्ही इथे भात लावत होतो आणि खाडीत जाळी टाकत होतो, असं मी भर मीटिंगमध्ये सुनावलं. साहेब शांतपणे म्हणाले, मग तुम्हीच करा. झालं, घेतलं अंगावर.

आधी मी स्वतःच मजकूर लिहिला आणि कॉम्प्युटरच्या आवाजात ऐकला. 'सदर गावठाण अत्यंत प्राचीन असून...' शी! स्टेशनवरची घोषणा बरी. वैतागून लॅपटॉप मिटला, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकीचा आवाज आला. ती टीव्हीतल्या सासूला झापत होती.

काकी म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमची भिंत एकच. तीस वर्षं तिने बाजारात मासळी विकली. तिची हाक रिक्षा स्टँडपर्यंत जायची. गुडघे गेले तशी पाटी सुटली, आणि तो एवढा मोठा आवाज दोन वर्षं घरात नुसता पडून होता. मी विचारलं, बसल्या जागी लोकांना गाव दाखवशील का? ती उठून आत गेली आणि नवी साडी नेसून, गळ्यात सोनं घालून बाहेर आली. मी म्हटलं, अगं, नुसता आवाज घ्यायचाय, साडी कोण बघणार?

"मी हाय ना बघायला," काकी म्हणाली.

पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबलो. ऐकणारे लांब असतील म्हणून ती सुरुवातीला ओरडूनच बोलली. पण काय बोलली! कुठल्या ओट्यावर हळदीची गाणी रंगायची, कुठल्या दारात बोंबील वाळायचे, कोणाचा कुत्रा कोणाच्या कोंबड्यांवर टपलेला असायचा, सगळं. फेरा तिच्याच दारात संपत होता आणि तिथे ती सांगायची, हे माजं घर, ऊन लागलं असंल, पानी पिऊन जा. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की काकी फोनमध्ये कामाला लागली. बऱ्याच दिवसांनी ती गल्लीतून मान वर करून चालली, आणि मला फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी साहेब आणि ऑफिसातली एक मुलगी चाचणीला आले. पाऊण तासाचा फेरा. मी काकीबरोबर तिच्या ओट्यावर वाट बघत बसले. दीड तास झाला तरी पत्ता नाही. शोधत गेले, तर दोघं एका गल्लीच्या तोंडाशी उभे, भोवती आठ-दहा माणसं आणि डावीकडे म्हणजे नेमकं कुठून, यावर जोरदार वाद चाललेला. कानातली काकी सांगत होती, चिंचेपासून डावीकडे वळ. आणि चिंच कुठेच नव्हती.

कपाळ माझं! चिंच तोडून वीसेक वर्षं झाली. तिच्या जागी सात मजली इमारत आहे. पण आम्ही त्या कोपऱ्याला अजून चिंचच म्हणतो. रिक्षावाल्याला चिंचेकडे सोड म्हणतो आणि तो सोडतोही. मी ते रेकॉर्डिंग दहा वेळा तपासलं होतं आणि दहाही वेळा मला चिंच दिसली होती. पुढे खळं लागेल, असंही त्यात होतं. खळ्यावर आता जिम आहे.

सोमवारी निर्णय झाला. मजकूर दुरुस्त करायचा आणि आवाज कॉम्प्युटरचा घ्यायचा. आजींचा आवाज गोड आहे, पण लोक हरवतात, साहेब म्हणाले. मी भांडले, पण हरवलेला माणूस समोर बसलेला असताना भांडणार तरी किती? घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. साऱ्या गावाला सांगून बसलेल्या बाईला आता काय सांगायचं?

काकी कोळंबी सोलत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती सोलत राहिली. पाटीतली कोळंबी संपल्यावर हात धुतले आणि म्हणाली, मला ऐकव, पण चालता चालता.

सकाळी निघालो. माझ्या खांद्यावर तिचा एक हात, दुसऱ्यात काठी, कानात तिचाच आवाज. त्या कोपऱ्यावर ती थांबली आणि वर बघितलं. जन्मभर तिथून गेलेली बाई, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघत होती. "खोटं बोलते की गो ही," ती स्वतःलाच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, कशाला लपवू? मग तिने पदराने नाक पुसलं आणि मला फर्मावलं, चालू कर तुजा फोन.

तिथेच उभी राहून ती बोलली, "इथं चिंच होती. आमी पोरी तिच्याखाली पाटी उतरवून बसायचो. आता नाय. वर तिसऱ्या माल्यावर लाल बादली दिसते ना, तिथवर तिची फांदी जायची. त्या बादलीखालून डावीकडं वल."

जिमपाशी म्हणाली, इथं आमी भाताचे भारे उचलायचो, आता पोरं लोखंड उचलतात, भात काय निघत नाय.

नवं रेकॉर्डिंग एकदा चालून बघा, असा मी ऑफिसात हट्ट धरला, तेव्हा साहेब पुन्हा आले, एकटेच. मी लांबून बघत होते. त्या बादलीखाली ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. गेलं, मला वाटलं, पुन्हा हरवले. पण ते डावीकडे वळले आणि वेळेवर ओट्यावर पोचले. इअरफोन काढत म्हणाले, "आवाज हाच राहू दे. मला चिंच दिसली." माझा जीव भांड्यात पडला. काकीने त्यांना कोळंबीचं कालवण खायला घातल्याशिवाय सोडलं नाही.

आता पंचाईत फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची आहे. काकी काठी टेकत वर जाऊन त्यांना बजावून आली, बादली हलवायची नाही. उन्हाने ती फुटली तेव्हा वहिनींनी वाशीत चार दुकानं फिरून तशीच लाल आणली.

परवाच्या रविवारी नवी साडी नेसून काकी नऊ वाजल्यापासून ओट्यावर होती. कोणी गल्लीत वळलं की किती वेळात दारात येणार, हे तिला आता पाठ आहे. नागपूरची एक मुलगी आली, कानात इअरफोन, नजर फोनवर. बरोबर दारासमोर थांबली. काकी गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"हे माजं घर. ऊन लागलं असंल. पानी पिऊन जा."

मुलीने एका कानातला इअरफोन काढला. मग दुसरा काढला. आवाज तरी थांबला नाही. काकी तांब्या पुढे करून विचारत होती, चिंच दिसली काय गो?