लाल्या कोणाचा?

आमच्या समोरच्या मास्तरांइतकं सोपं गणित अवघड करून शिकवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हता. गोंदिया वेगळा निघण्यापूर्वीच्या मोठ्या जिल्ह्यातही नसावा. वांगी घेतानासुद्धा ते ‘देठ हिरवा असल्यास’ अशी अट घालून किडीची शक्यता मांडत, तोवर वांगी विकली जात. मी तेव्हा पवनीत कारकून होतो. खात्याच्या परीक्षेत गणितात दोनदा आपटलो होतो आणि ही तिसरी, शेवटची संधी होती. पुस्तकात उदाहरण होतं : शंभर घरं, चाळिसांत कुत्रा, तिसांत मांजर, बारांत दोन्ही. एका घरी कुत्रा आहे हे कळलं, तर तिथं मांजर असण्याची संभाव्यता किती? मी बाराला शंभरानं भागलं. मास्तर कळवळले. "अरे बापू, कुत्रा आहे हे कळलं ना? मंग बिनकुत्र्याच्या साठ घरांत कायले फिरून राहिला?" मी मान हलवली. मान हलवण्यात मी कधीच नापास झालो नाही.

मास्तरांनी ते ओळखलं आणि वही देऊन मला गल्लीतली वीस घरं मोजायला पाठवलं. स्वतःच्या घरापुढे त्यांनीच ‘कुत्रा नाही’ असं लिहवून घेतलं. गल्लीत कुत्रा एकच, तांबडा लाल्या, पण पाच घरांनी सांगितलं, "आमचाच आहे जी, आमच्याच घरचा भात खाते." मी पाच कुत्रे लिहिले. मग घोळ झालाय असं वाटून, पाचांनीही सांगितलेली शेपटाखालची खूण पटवायला लाल्याचं शेपूट उचललं, आणि त्यानं माझी पोटरी धरली.

माझी बोंब ऐकून पाचही घरं बाहेर आली. "आमचा कायचा? भटका आहे तो! जंगलात सोडून या त्याले!" कोणीतरी पोतंही आणलं. लाल्या मास्तरांच्या पायरीशी अंग चोरून बसला. मास्तर बनियनवरच बाहेर आले.

"माहा आहे," म्हणाले.

पोतं परत गेलं. मला सायकलवर बसवून त्यांनी सरकारी दवाखान्यात नेलं आणि सुई टोचली जाताना विचारलं, "चावला नव्हता तवा मालक पाच. चावल्यावर किती?"

"एक," मी कण्हलो.

"आता समजलं?"

नव्हतं समजलं. पण परीक्षेत ‘कुत्रा’ शब्द दिसताच पोटरी ठणकली आणि हातानं आपोआप फक्त कुत्रेवाल्या घरांनी भागलं. पास झालो. मास्तरांच्या घरी कुत्रा होता की नव्हता, हे मात्र मला अजून सुटलेलं नाही.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी भंडाऱ्यात राहतो. फाटकापाशी एक काळा कुत्रा झोपतो. कोणी विचारलं तर मी ‘आमचा नाही जी’ म्हणतो. परवा तो पेपरवाल्याला चावला. गल्ली जमली, पोतं आलं.

मी बनियनवरच बाहेर गेलो.