आमच्या गिरणीतला गाणारा डबा

गिरणी कितीही झाडा, कुठून तरी मिरचीचं बी निघतंच. किस्स्यांचंही तसंच आहे. सगळे सांगून झाले म्हणून उठावं, तर साडीच्या निऱ्यांतून आणखी एक पडतो! त्यातून ज्या वर्षी आमच्या ह्यांनी गिरणीत गाण्यांचा प्लेअर आणला, त्या वर्षीचं तर विचारूच नका. नुसतं आठवलं तरी मला शिंक येते.

भोरमध्ये आमची मसाल्याची गिरणी आहे. होळीपासून पाऊस लागेपर्यंत सीझन. भाटघर, वेल्हे, कापूरहोळ, सगळीकडून लोक मिरच्या घेऊन येतात आणि वर्षाचा मसाला करून नेतात. पुढच्या खोलीत डंख आहे, म्हणजे मिरची कुटायचं मशीन. मागच्या पडवीत आमच्या तिघीजणी काम करतात. सुनंदा आणि पूजा मिरचीचे देठ खुडतात आणि हिराक्का धने, खोबरं, खडा मसाला भाजतात. माझं काम या दोन्ही जागांमध्ये फिरून ओरडणं.

हिराक्का मूळच्या हिर्डोशीच्या. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून गिरणीत आहेत. कढईपुढं बसल्या की ओव्या म्हणायच्या, त्याही मनानं रचून. दारात आलेल्या गिऱ्हाइकाचं नाव पुढच्या ओवीत हजर! माणसं मसाल्यासाठी येत आणि स्वतःवरची ओवी ऐकून जात. त्या थंडीत मात्र अक्कांचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आवाजाला विश्रांती द्या. अक्का गप्प झाल्या आणि पडवीत बसवेना.

•••

तुम्ही म्हणाल, गाणीच ऐकायची तर मोबाईल आहे की! आहे ना. पूजाकडं पण होता. नवीन लग्न झालेली पोर, दर तासाला सासूचा फोन. एकदा मिरचीच्या हातानंच तिनं फोन उचलून कानाला लावला. तिकडून सासू "काय करतीस गं?" म्हणेपर्यंत इकडून ही किंचाळली, "आई गं! आग! आग!"

फोन पडला, कट झाला. थोड्या वेळानं सासूबाई शेजारच्या चार माणसांना घेऊन धापा टाकत हजर.

"कुठं लागलीय आग?"

पूजानं लाल झालेला गाल पुढं केला.

त्या दिवसापासून पडवीत मोबाईल बंद. मग आमचे हे कापूरहोळला मोटर दुरुस्तीला गेले आणि येताना तो प्लेअर घेऊन आले. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, त्याला बटणं आणि जाळीचा स्पीकर. ह्यांना नवीन वस्तू आणली की भाषण करायची सवय आहे. "रेंज लागत नाही. मध्ये जाहिरात नाही. कोणाचा फोन येत नाही. आणि बटण कोपरानं पण दाबता येतं!"

अक्कांनी डब्याकडं नीट बघितलं. "ह्याला मधी च्या लागतो का?"

"छे! फक्त चार्जिंग."

"घसा बसतो का ह्याचा?"

"कसा बसेल?"

"मग बरा हाय. माझ्यापरीस बरा हाय," अक्का म्हणाल्या आणि कढईकडं वळल्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी चार्जर कुठं लावायचा यावरून ह्यांच्याशी भांडत होते.

•••

पहिलं भांडण, गाणी कोणाची. सुनंदाला भीमगीतं हवीत, जयंती जवळ आली होती आणि तिचं महिला मंडळ कार्यक्रम बसवत होतं. पूजाला डीजेची हवीत. मला सकाळी तरी अभंग हवेत, गिऱ्हाइकांसमोर बरं दिसतं. ह्यांनी सगळीच भरून आणली आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं.

एका सकाळी वेल्ह्याचे एक टोपीवाले आजोबा हळकुंडं घेऊन आले. अभंग लागलेला. आजोबा डोळे मिटून बसले, मान डोलतेय. अभंग संपला आणि पाठोपाठ धाडकन डीजे! मी ओरडले, पूजा कोपरानं बटणं शोधतेय, एक सापडेना. आजोबांची मान तशीच डोलत होती, फक्त थोडी जोरात.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते डोळे न उघडता म्हणाले, "ह्यो बुवा बी बरा गातोय!"

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "शफल चालू राहिलं असेल. म्हणजे कुठलंही गाणं कधीही लागतं."

"म्हंजे आपुन सांगायचं एक आन् ह्यानं मनात यील ते करायचं?" सुनंदा म्हणाली. "मग वैनी, ह्यो प्लेअर कशाला? घरी नवरा हाय की!"

आमचे हे पुढच्या खोलीत डंख बघायला निघून गेले. डंख बंद होता.

•••

दुसरी डोकेदुखी म्हणजे हात. गाणं जसं, तसे हात! डीजे लागला की दोघी अशा सुटायच्या की निम्मे देठ मिरचीलाच. संथ गाणं लागलं की सुनंदा एक मिरची हातात घेऊन छताकडं बघत बसायची. अक्कांच्या ओवीचं तसं नव्हतं. एक ओवी, एक मूठ मिरची. ओवी संपेपर्यंत मूठ खुडून व्हायचीच, मला बोलावं लागायचं नाही. म्हणजे, मी बोलायचेच, पण लागायचं नाही.

भाटघरच्या एक बाई मसाला परत घेऊन आल्या. डबा उघडून माझ्यापुढं धरला. "वैनी, मसाला न्यायला आले हुते. सरपन न्हाई!"

मी आत जाऊन दोघींना झाप झाप झापलं. पूजा म्हणाली, "वैनी, माझी चूक नाही. गाणंच फास्ट होतं."

•••

मग प्लेअर हरवला. पडवी पालथी घातली. मला आतून बरंच वाटत होतं. दुपारी कापूरहोळच्या एका ढाबेवाल्याचा ह्यांना फोन. सकाळीच तो मसाला भरून घेऊन गेला होता.

"दादा, तुमचा मसाला गातोय!"

डब्यात मसाला भरताना वरच्या फळीवरनं प्लेअर आत पडला होता. हे गाडी काढून गेले. ढाब्यावर डब्याभोवती घोळका, जेवण सोडून माणसं उभी. ह्यांनी मसाल्यात हात घालून प्लेअर बाहेर काढला, तर मागनं एकजण म्हणाला, "ओ, गाणं तरी पुरं होऊ द्या!"

घरी आणला तर चार्जिंगच्या भोकात, जाळीत, बटणांत, सगळीकडं मसाला. मी म्हटलं, टाकून द्या. हे म्हणाले, "थांब, साफ करतो." आणि भोकाला तोंड लावून जोरात फुंकर मारली.

तो मसाला कुठं जाणार? आला तोंडावर! हे अंगणभर नाचले. मी ह्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होते आणि प्लेअर ओट्यावर मजेत गात होता. मेला असता तर सुटले असते! पण मेला नाही. फक्त एक बटण आत रुतून बसलं आणि बाजूला बारीक लाल दिवा लुकलुकायला लागला. आम्हाला वाटलं, चार्जिंग होतंय.

•••

त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. अक्का जत्रेसाठी गावी गेल्या होत्या, दुपारच्या गाडीनं यायच्या होत्या. धने भाजायला पूजाला बसवलं. अक्का ओवीवर भाजत. ओवी म्हणत हलवायचं आणि संपली की कढई उतरवायची. पूजाला तेवढंच शिकवलेलं.

"वैनी, ओवी नाही, तर किती वेळ भाजू?"

मला पुढं गिऱ्हाईक. मी चिडून म्हटलं, "एक गाणं होईपर्यंत भाज!"

थोड्या वेळानं पडवीतून धूर. धावत गेले, तर धन्यांचा कोळसा. पूजा घामाघूम, एका हातानं हलवतेय, दुसऱ्या हातानं डोळे पुसतेय.

"अगं, उतरव की!"

"वैनी, गाणंच संपेना!"

संपेल कसं? नॉनस्टॉप लावलं होतं, एकाला एक चिकटवलेली गाणी! मी डोक्याला हात लावला आणि नेमक्या तेव्हाच अक्का दारात. खांद्याला पिशवी, नजर कढईत.

"अक्का, बघा हे! घसा बरा झालाय ना तुमचा? डॉक्टरांनी कधीच मोकळीक दिलीय. मग म्हणा की ओवी!"

"कशाला? डबा हाय की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "एका गिरनीत दोन गानारी कशाला? सीझन उरकला की म्या लेकाकडं जानार धायरीला. त्यो लई दिवस बोलावतोय."

अक्का नाहीत अशी गिरणी मी बघितलेलीच नाही. सासूबाई गेल्या तेव्हा कढईपुढं मला याच बाईनं बसवलं आणि रडू दिलं होतं. मला म्हणायचं होतं, अक्का, जाऊ नका. पण माझी जीभ मेली अशी, की निघालं भलतंच.

"जायचं तर खुशाल जा! आधी ही कढई घासून जा!"

•••

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानं प्लेअर लावला आणि गाण्याऐवजी एक बाई बोलायला लागली.

"सुनंदा, हात चालव! पूजा, ते देठ काय मी खुडू? अहो, डंखाकडं बघा! कोणी झाडलं हे? याला झाडणं म्हणतात? सुनंदा, हात!"

"शी! कोण ही कजाग बाई?" मी विचारलं.

दोघी तोंडात पदर कोंबून आडव्या झाल्या. तेव्हा कुठं मला आवाज ओळखू आला! ते रुतलेलं बटण रेकॉर्डिंगचं होतं. आख्खा दिवस मी त्यात भरले होते. मी बंद करायला धावले, पण बटणं माझं कधी ऐकतात? शेवटी आलंच ते, "आधी ही कढई घासून जा!" आणि मागोमाग डब्यातच पूजानं उलथनं टेकवल्याचा आवाज. सुनंदा-पूजानं तोंडातले पदर काढले. अक्का भाजत राहिल्या, मान वर केली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "ते आधी पुसून टाका."

"टाकतो," हे म्हणाले. आमच्या घरात 'टाकतो' म्हणजे काय ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं आहे.

•••

सीझन संपत आला आणि मी तापानं आडवी झाले. गिरणीत जायची बंदी. रोज ह्यांना विचारायचे, "कसं चाललंय?" हे म्हणायचे, "एकदम व्यवस्थित." याचा मला फारच राग यायचा. मी नसताना व्यवस्थित कसं चालेल?

एका सकाळी हे जाता जाता म्हणाले, "अक्का आज दुपारच्या गाडीनं निघतायत. पिशवी घेऊनच येणारेत."

"आणि हे आत्ता सांगताय?"

हे गेले. मी पडून राहिले, कूस बदलली, उठले, परत पडले. काय तोंड घेऊन जाऊ? मग दुपार झाली तशी राहवेना. चप्पल घातली, डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या बोळानं गिरणीकडं निघाले. मनात एकच वाक्य घोकत होते. जाऊ नका, जाऊ नका. दुसरं काही बोलायचं नाही!

बोळात वळले आणि माझाच आवाज कानावर आला.

"सुनंदा, हात चालव!"

मी जागीच उभी राहिले. पाठोपाठ पडवीतून दुसरा आवाज उठला. थोडा घोगरा, पण ठेक्यात.

"मिरची माझी बाई, उन्हानं गं वाळली
वैनीच्या जिभंनं, चूल माझी पेटली!"

आत हसू फुटलं. डब्यातली मी ओरडले, "याला झाडणं म्हणतात?" की अक्कांची ओवी. मी ओरडले, "ते देठ काय मी खुडू?" की पुन्हा ओवी. धन्यांचा खमंग वास येत होता, जसा यायला हवा तसा. पडवीच्या दाराशी अक्कांची भरलेली पिशवी होती आणि तिच्यावर त्यांचं घाम पुसायचं फडकं वाळत घातलेलं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी लागलं. गिरणीच्या दारात ते कोणालाही लागतं, हे एक बरं आहे.

मग ते वाक्य आलं. "जायचं तर खुशाल जा! आधी ही कढई घासून जा!" मी डोळे मिटून घेतले.

"जाते मी म्हनाले, वैनी म्हने घास कढई
घासता घासता बाई, सरली माझी घाई!"

मी दारात गेले. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं पळालं.

"अक्का! दुपारची गाडी केव्हाच गेली! कळतंय का तुम्हाला?"

अक्कांनी वर बघितलं, उलथनं उगारलं आणि मला उंबऱ्यावरच अडवलं.

"वैनी, तुमी जरा भाईरच थांबा. ह्या गान्यात तुमचं अजून लई वरडायचं ऱ्हायलंय!"