कळंबला भेटलेले आवाज

छाया म्हसे चौक गावात राहते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून गॅरेजांची ओळ आहे, तिच्या मागच्या आळीत तिचं घर. लग्नानंतर अकरा वर्षं ती खालापूरला सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून द्यायची. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव, वारसनोंद. समोर बसणारी निम्मी माणसं म्हातारी नि कानानं अधू, त्यामुळे सावकाश, खणखणीत आणि तरीही न चिडता बोलायची तिला सवय लागली. पुढं लोक मोबाईलवरच अर्ज भरायला लागले नि तिच्या टेबलापुढची गर्दी आटली.

तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं, पुण्याची एक कंपनी कानाची मशिनं विकते आणि गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तरं द्यायला घरबसल्या माणसं घेते. मुलाखत फोनवरच झाली. पलीकडून रिया मॅडमनी विचारलं, "समजा एका आजोबांना मशीन चालूच करता येत नाहीये. काय सांगाल?"

"आधी विचारीन, आजोबा जेवलात का," छाया म्हणाली. "भुकेलं माणूस काही ऐकून घेत नाही."

नोकरी लागली. तिला आता चार वर्षं झाली. शेजारच्या गॅरेजात पत्रा ठोकायला लागले की छाया खिडकी लावून घेते आणि सांगत राहते, बॅटरीची चकती कुठल्या बाजूनं घालायची, शिट्टी वाजली तर काय करायचं. तिच्यासारखीच आणखी तेरा माणसं नांदेडपासून चिपळूणपर्यंत आपापल्या घरात बसून हेच सांगत असतात. सोमवारी सकाळी सगळ्यांचं दहा मिनिटं बोलणं व्हायचं, तेही आवाजापुरतं. नेट पुरत नाही म्हणून कॅमेरे बंदच.

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या हर्षदचे वडील अचानक गेले. त्यानं ग्रुपवर एकच ओळ टाकली होती. छायानं कुणाला न विचारता तेरा दिवस आपल्या पाळीबरोबर त्याचीही पाळी केली. नंतर त्याचा मेसेज आला, 'थँक्यू ताई.' तेवढंच.

यंदा जानेवारीत कंपनीनं कळवलं, सगळ्यांनी दोन दिवस कर्जतजवळच्या कळंबच्या रिसॉर्टवर जमायचं, एकमेकांना भेटायचं. 

"मी नाय जात," ती नवऱ्याला म्हणाली.

सहदेव टेंपो पुसत होता. "कळंब म्हंजे आपल्या दाराशीच हाय. लोक नांदेडवरनं येनार नि तू चौकवरनं जानार नाय?"

"ती सगळी शिकलेली मान्सं. मी काय बोलू तिथं?"

"मंग चार वर्सं बोलत्येस ती काय मुक्यांशी गं?" असं तो म्हणाला, नि ठरल्या दिवशी सकाळी त्यानंच तिला टेंपोतून रिसॉर्टच्या फाटकाशी सोडलं.

पहिला अर्धा दिवस काही खरा नव्हता. माईक घेतलेला एक भाड्याचा खेळकरी सगळ्यांना कागदी पेल्यांचे मनोरे रचायला लावत होता, पायाला पाय बांधून पळवत होता. माणसं कसनुशी हसत, खेळ संपला की आपापला मोबाईल घेऊन कोपरा धरत. गळ्यातल्या नावाच्या पट्ट्या उलट्या फिरलेल्या, त्यामुळे कोण कोण ते कळेना. रिया मॅडम म्हणजे कपाळावर मोठी टिकली लावणारी भारदस्त बाई असणार, असं छाया धरून चालली होती. निघाली ती सव्वीस-सत्तावीसची किडकिडीत पोर, आणि आता तिचा चेहरा पार उतरला होता. कंपनीच्या साहेबांशी भांडून तिनं हा मेळावा मिळवला होता म्हणे.

जेवणानंतर छाया हात धूत होती. मागं कुणीतरी फोनवर बोलत होतं. "आता? आता येतंय का ऐकू? आता बघा बरं."

छाया वळलीसुद्धा नाही. "सुनंदाताई!"

मागची बाई फोन तसाच धरून थबकली. "अगं बाई! छाया का तू?"

चिपळूणची सुनंदा होती ती. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या नि हसतच सुटल्या. मग छाया तशीच रियाकडे गेली. फोनवर चार वर्षं जपलेली शुद्ध भाषा घाईत निसटली. "मॅडम, आमाला तोंडं ओळखीची नायत. आवाज हायत. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा!"

रियानं खेळकऱ्याच्या हातातला माईक काढून घेतला.

आंब्याखाली गोल करून खुर्च्या मांडल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. रिया ज्याच्या खांद्यावर हात ठेवील त्यानं फोनवरचं रोजचं वाक्य म्हणायचं. पहिला आवाज उठला, "काका, ब्याट्री काढून परत घाला," आणि चारी बाजूंनी ओरडा झाला, "पदू! साताऱ्याचा पदू!" मग काही थांबेना. कुणाचा खोकला ओळखला, कुणाचं "हॅलो" ओढणं. एकीनं तर नुसता श्वास घेतला तरी सगळ्यांच्या तोंडून तिचं नाव फुटलं.

मग एक घोगरा आवाज आला. "आजी, उजव्या कानाचं मशीन तुम्ही डाव्यात घातलंय."

"हर्षद," छाया म्हणाली आणि तिनं डोळे उघडले.

तिला वाटलं होतं कुणी लहानखुरा पोरगा असेल. समोर सहा फुटी, मिशीवाला गडी उभा राहिला, सरळ तिच्यापाशी आला आणि सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडला. "तेरा दिवस माझे फोन तुम्ही घेतले, ताई. बाबांचं सगळं मला नीट करता आलं. लिहायला बसलो की जमायचं नाही. समोर सांगायचं होतं."

 छायानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आई कशी हाय रं आता?" एवढंच विचारलं. सुनंदानं मोठ्यानं नाक शिंकरलं तसे सगळे पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी खेळकऱ्याला सुट्टी. छायानं सहदेवला फोन केला, आणि दहाच्या सुमाराला त्याचा टेंपो आला तो मडकी, वालाच्या शेंगांची गोणी, भांबुर्ड्याचा पाला आणि पुढच्या सीटवर सासूबाई इंदूबाई असा. पोपटी लावायची होती, म्हणजे पाल्यात दाबलेल्या शेंगा मडक्यात भरून, मडकी उलटी ठेवून जाळात भाजायच्या. इंदूबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, पाला कसा दाबायचा, मीठ-ओवा किती. हातभर अंतरावरून कुणी काही विचारलं तरी त्यांना ऐकू जात नव्हतं.

"सून मशीनचंच काम करते, नि ह्या मशीन लावत नाहीत?" रियानं विचारलं.

"चार वर्षं डबीत हाय," छाया म्हणाली. "आजपण टेंपोतनं मागवून घेतलंय. माझं ऐकतील तर ना!"

मग काय, चौदाच्या चौदा जण इंदूबाईंभोवती जमले. रोज परक्या म्हाताऱ्यांना समजावणारी माणसं ती. सगळे एकदम समजावायला लागले. इंदूबाई ठाम. "मला चांगलं ऐकू येतं. तुमीच हळू बोलता." शेवटी हर्षद त्यांच्या पायाशी बसला.  मशीन तळहातावर धरून नुसता थांबला. इंदूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पदर मागं सारला आणि कान पुढं केला, नि त्यानं मशीन चालू करून अलगद बसवलं.

तेवढ्यात उलट्या मडक्यांवरचा पेंढा पेटला. इंदूबाई दचकल्या. "अगं बाई, केवढा तडतडतो हा जाळ!" आणि लहान पोरासारखं तोंड करून ऐकत राहिल्या. टाळ्यांचा एवढा गजर झाला की त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. भरदुपारी, बोटं भाजून घेत सगळ्यांनी शेंगा सोलून खाल्ल्या. खेळकरीही खायला बसला.

साहेबांनी असा मेळावा दरसाल करायचं कबूल केलं. पण तोवर थांबतंय कोण? मे महिन्यात हर्षदच्या बहिणीचं लग्न निघालं. चौदातले नऊ जण गेले. छाया सहदेवला घेऊन गेली. एवढ्या लांबचा प्रवास तिनं जन्मात केला नव्हता. मांडवात पंगतीला शेजारी बसलेल्या एका पाहुणीनं विचारलं, "तुम्ही नवरीकडच्या कोण?"

"हर्षदबरोबर कामाला आहोत."

"एकाच हापिसात?"

"हापिस नाही," छाया म्हणाली, "पण एकत्रच."

पाहुणीला ते काही उमगलं नाही. तेवढ्यात हर्षदची आई वरणाची बादली घेऊन पंगतीतून आली, "ह्याच छायाताई" म्हणाली, आणि नको नको म्हणेपर्यंत छायाच्या पानात तिसऱ्यांदा वरण ओतलं.